कार्ड दिसतंय, पण लाइन उठत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या शाखेत सिस्कोचा २८११ राउटर. जुन्या २६२० मधून काढलेलं विक-२टी कार्ड (विक म्हणजे राउटरला लांबच्या लाइनी जोडणारं छोटं कार्ड) त्यात बसवलं. 'शो व्हर्जन' या कमांडमध्ये दोन सिरीयल पोर्ट दिसतात. एका पोर्टला व्ही.३५ केबलने दूरसंचार कंपनीच्या एमएलएलएन या जाळ्यावरच्या, भाड्याने घेतलेल्या ५१२ केबीपीएसच्या लीज लाइनचा मोडेम जोडलाय, मोडेमचे दिवे हिरवे. तरीही 'सिरीयल ०/०/० अप, लाइन प्रोटोकॉल डाउन'. कार्ड गेलंय असं समजून दुसरं मागवायचं का? शिवाय कार्ड तपासायला म्हणून तुम्ही २८११ आणि जुना २६२० टेबलावर समोरासमोर जोडून पाहिले, २८११वर क्लॉक रेटही (लाइनच्या ठेक्याचा वेग) दिला, तरी तिथेही लाइन उठली नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की मुख्य कार्यालयात हल्लीच हुआवेचा राउटर बसवलाय.

दुसरं कार्ड मागवू नका. ही जातच चिवट आहे. विजेचा झटका बसलेली किंवा चालू राउटरमधून ओढून काढलेली सोडली, तर आपोआप मेलेलं सिरीयल कार्ड मी इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलंय. माझ्या अंदाजाने टेबलावरची आणि शाखेतली अशा तुमच्या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींत कार्डाचा दोष नाही. पण नुसता अंदाज सांगून थांबलो तर पुढच्या शाखेत पुन्हा हेच होईल, म्हणून कार्ड बसवण्यापासून सांगतो. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशाच लिहितोय.

कार्ड बसवणं हा सगळ्यात सोपा भाग. राउटर बंद करा आणि पॉवर कॉर्डही काढा. विक किंवा तिच्या नव्या पिढीच्या एच-विक जातीची कार्डं चालू राउटरमध्ये घालायची किंवा काढायची नसतात. ही सोय मोठ्या राउटरच्या काही मॉड्यूलना असते, या छोट्या कार्डांना नाही. हाताला अँटीस्टॅटिक पट्टा असला तर उत्तम, नसला तर निदान कार्डाच्या कडेला आणि पत्र्यालाच धरा, सर्किटला बोट लावू नका. कोरडी हवा आणि अंगात पॉलिएस्टरचा शर्ट असेल तर हे जास्तच सांभाळा. कार्ड खाचेत सरळ सरकवायचं, शेवटी बेताने दाबलं की ते बसल्याचं हाताला कळतं, मग दोन्ही स्क्रू थोडेथोडे आलटून पालटून आवळायचे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कार्ड तिरकं बसतं. मग ते कधी दिसतं, कधी दिसत नाही. मोकळ्या राहिलेल्या खाचेवर झाकणपट्टी लावाच. ती शोभेला नसते, आतल्या हवेची वाट तिच्यावर ठरते. आणि आपल्याकडे उघड्या खाचेतून पाली आत जातात, हेही खरं.

कुठलं कार्ड कशात चालतं ते एकदा लक्षात ठेवा. विक-१टी मध्ये एक पोर्ट, त्याचा कनेक्टर ६० पिनांचा रुंद, डीबी-६० नावाचा. विक-२टी मध्ये तेवढ्याच पट्टीवर दोन पोर्ट बसवायचे म्हणून २६ पिनांचा छोटा स्मार्ट सिरीयल कनेक्टर आला. त्यामुळे दोघांच्या केबली वेगळ्या, एकाची दुसऱ्याला लागत नाही. विक-२टी २८११मध्ये चालतं. पण उलट, एच-विक-२टी उचलून २६०० किंवा १७०० मालिकेत घातलं तर चालत नाही. वापरलेलं कार्ड घेताना विक्रेता 'सगळं एकच आहे साहेब' म्हणेल, तेव्हा पट्टीवर छापलेलं नाव स्वतः वाचा.

स्मार्ट सिरीयलबद्दल एक सावधगिरी. हा कनेक्टर जोर लावला तर उलटाही आत जातो. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने वाकून, राउटरच्या मागच्या अंधारात, तसाच रेटला. पिना वाकल्या, केबल गेली, आणि पोर्टही कायमचा आजारी झाला. टॉर्च लावून बघा, मगच लावा. दाबावं लागतंय असं वाटलं की थांबा.

राउटर सुरू झाल्यावर 'शो व्हर्जन'मध्ये सिरीयल इंटरफेसची संख्या दिसते. विक-२टी असेल तर बहुधा 'लो-स्पीड सिरीयल' असं लिहिलेलं असतं. ते वाचून घाबरू नका. 'शो डायग' किंवा 'शो इन्व्हेंटरी' कार्डाची ओळख थेट कार्डावरच्या चिपमधून वाचतं. तिथे कार्ड आहे पण इंटरफेस तयार झाला नाही, तर आयओएसची, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती त्या कार्डाला ओळखत नाही. दोन्हीकडे नाही, तर कार्ड नीट बसलेलं नाही. तुमच्याकडे 'शो व्हर्जन'मध्ये दोन्ही पोर्ट दिसतायत, म्हणजे बसवण्याचं काम संपलं. इथून पुढे कार्डावर संशय घ्यायचं कारण उरत नाही.

इंटरफेसच्या क्रमांकाचा एक घोळ सांगतो, कारण तुम्ही २६०० वरून २८०० वर आलात. २८११मध्ये नाव खाचेवरून ठरतं: ०/०/० म्हणजे खाच शून्य, पोर्ट शून्य. कार्ड त्याच खाचेत आहे तोवर नाव बदलत नाही. २६०० मध्ये तसं नव्हतं. तिथे उजवीकडून डावीकडे मोजत जायचं, जो सिरीयल पोर्ट आधी सापडेल तो ०/०, पुढचा ०/१. एका शाखेत कोणीतरी पूर्वी एकुलतं कार्ड डाव्या खाचेत बसवलं होतं, उजवी रिकामी. नाव अर्थातच सिरीयल ०/०. आम्ही दुसऱ्या लाइनसाठी उजव्या खाचेत नवं कार्ड घातलं आणि राउटर चालू केला. नव्या कार्डाने ०/० हे नाव घेतलं, जुनं कार्ड ०/१ झालं. साठवलेलं कॉन्फिगरेशन नावावर चालतं, कार्डावर नाही. त्यामुळे चालू लाइनचा आयपी नव्या, केबल नसलेल्या पोर्टवर गेला, आणि चालू लाइन ज्या पोर्टवर होती त्याला काहीच कॉन्फिगरेशन नसल्यामुळे तो शटडाउन. शाखा बंद, बाहेर पेन्शनवाल्यांची रांग, आणि आम्ही मोडेमच्या मागे लागलेलो. शेवटी केबलची अदलाबदल करून सुटलो. तेव्हापासून कार्ड घालण्याआधी 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' आणि नंतरचं तेच, दोन्ही मी शेजारी ठेवून वाचतो.

आता मुख्य विषय, म्हणजे केबल आणि क्लॉक. सिरीयल लाइनवर एक-एक बिट मोजून जातो, आणि मोजायला ठेका लागतो. ढोल-ताशा पथकात ठेका एकाच ताशाने द्यायचा असतो. दोघांनी दिला तर पथक फुटतं आणि कोणीच दिला नाही तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. लाइनवर ठेका देणारी बाजू डीसीई, ठेका घेणारी बाजू डीटीई. राउटर नेहमीच्या वापरात डीटीई असतो आणि मोडेम डीसीई.

आता हे लक्षात घ्या: कुठली बाजू काय होणार हे कॉन्फिगरेशनने ठरत नाही, केबलने ठरतं. सिस्कोच्या केबलच्या राउटरकडच्या टोकात काही पिना आतून जोडलेल्या असतात. त्या पाहून पोर्टला कळतं की आपल्याला व्ही.३५ बोलायचंय की एक्स.२१ की आरएस-२३२, आणि आपण डीटीई आहोत की डीसीई. म्हणून एकच कार्ड केबल बदलली की वेगळं वागतं. व्ही.३५ चं दुसरं टोक म्हणजे तो ३४ पिनांचा जाड चौकोनी ठोकळा. पिना बाहेर आलेला नर ठोकळा डीटीई केबलचा, भोकांचा मादी ठोकळा डीसीई केबलचा. मोडेमला नर लागतो. केबलीच्या नावातही हे असतं: शेवटी 'एमटी' असेल तर डीटीई, 'एफसी' असेल तर डीसीई.

हे राउटरलाच विचारायची कमांड 'शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०/०'. पानभर मजकूर येतो, त्यातल्या पहिल्या काही ओळींपुरतं काम असतं. 'डीटीई व्ही.३५, टीएक्स अँड आरएक्स क्लॉक्स डिटेक्टेड' आलं तर केबल बरोबर आहे, मोडेम क्लॉक देतोय आणि तो कार्डापर्यंत पोचतोय. 'क्लॉक्स स्टॉप्ड' आलं तर केबल ओळखली पण ठेका येत नाही: मोडेमचा व्ही.३५ पोर्ट झोपलाय किंवा मोडेमवर चुकीचा इंटरफेस निवडलाय. 'नो सिरीयल केबल' आलं तर राउटरकडचं टोक ढिलं आहे. माझा नियम असा की ही ओळ वाचल्याशिवाय दूरसंचार कंपनीला फोन करायचा नाही. ती वाचून दाखवली की पलीकडचा माणूसही आपल्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

तुमच्या टेबलावरच्या प्रयोगाचं उत्तर इथेच आहे. तिथे दोन केबली ठोकळ्याला ठोकळा जोडलेल्या असणार, एक नर, एक मादी. क्लॉक मादी केबल ज्या राउटरला आहे त्यानेच द्यायचा. तुम्ही क्लॉक रेट २८११वर दिलात. २८११च्या कॉन्फिगरेशनमध्ये ही ओळ विक-२टी च्या पोर्टवर डीटीई असतानाही दिसू शकते, त्यामुळे 'दिलाय की' असं वाटतं. पण ठोकळा बघा. मला खात्री आहे की मादी केबल २६२०कडे आहे आणि जुन्या आयओएसच्या त्या राउटरवर कोणी क्लॉक रेट दिलेलाच नाही. तिथे 'क्लॉक रेट ६४०००' द्या. दोन्ही पोर्टवर 'नो शटडाउन' दिलंय ना तेही बघा. एक बाजू शटडाउन असेल तर दुसरी 'डाउन, डाउन' दाखवते आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. शाखेत मोडेमला जोडताना मात्र क्लॉक रेटच्या फंदात पडायचं नाही. तिथे ठेका मोडेमचा. लाइन ५१२ ची आहे म्हणून राउटरवर ५१२००० टाकू पाहणारे बरेच भेटतात, त्याचा काही उपयोग नसतो. सिम्युलेटरमध्ये शिकलेल्या मुलांची ही हमखास सवय. तिथे प्रत्येक सिरीयल तारेला एका टोकाला घड्याळाचं चित्र असतं आणि मध्ये मोडेम नसतो.

आता शाखेतला 'अप, डाउन'. यातलं पहिलं 'अप' म्हणजे कार्डाला कॅरियरचा इशारा मिळतोय एवढंच. 'शो इंटरफेसेस'च्या शेवटच्या ओळीत डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस हे पाच इशारे दिसतात, पाचही अप हवेत. मात्र काही मोडेम डीसीडी कायम वर धरून ठेवतात, पलीकडची लाइन तुटली तरी. मोडेमचे हिरवे दिवेही मोडेम ते एक्स्चेंज एवढ्याच तांब्याच्या जोडीबद्दल सांगतात, पुढच्या प्रवासाबद्दल नाही. म्हणून पहिल्या 'अप'वर फार विसंबू नका. दुसरा शब्द, लाइन प्रोटोकॉल, हा खरा. तो पलीकडच्या राउटरशी बोलणं झालं तरच उठतो.

सिस्कोच्या सिरीयल पोर्टवर मूळचं एन्कॅप्सुलेशन, म्हणजे लाइनवर डेटा गुंडाळून पाठवायची भाषा, एचडीएलसी असतं, आणि तेही सिस्कोचं स्वतःचं: चौकटीत आत कुठला प्रोटोकॉल आहे हे सांगणारा जास्तीचा भाग असलेलं. दर १० सेकंदांनी दोन्ही राउटर एकमेकांना क्रमांक लावून हाक मारतात. 'डीबग सिरीयल इंटरफेस' लावलं की हे उघडं दिसतं. 'मायसीक' म्हणजे मी मारलेली हाक, 'माइनसीन' म्हणजे माझी पलीकडे पोचलेली शेवटची हाक, 'युअरसीन' म्हणजे मला ऐकू आलेली त्यांची शेवटची हाक. तिन्ही पुढे सरकत असतील तर लाइन ठणठणीत. युअरसीन सरकतोय पण माइनसीन अडकलाय, म्हणजे त्यांचं ऐकू येतं, आपलं पोचत नाही: आपली पाठवणी बिघडलीय. युअरसीन जागचा हलतच नाही, म्हणजे तिकडून काहीच येत नाही किंवा येतंय ते आपल्या भाषेतलं नाही. माझी हाक आणि तिची पोच यांत तीनपेक्षा जास्त अंतर पडलं की राउटर लाइन प्रोटोकॉल खाली आणतो.

तुमचं ते शेवटचं वाक्य इथे कामाला येतं. हुआवेच्या राउटरवर सिरीयल पोर्टचं मूळ एन्कॅप्सुलेशन पीपीपी असतं. तुमच्या कार्डावर कोणी काही बदललं नसेल तर ते सिस्कोचं एचडीएलसी बोलतंय. एकाने मराठीत विचारायचं आणि दुसऱ्याने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असा प्रकार. आधी सिस्को-सिस्को होतं तेव्हा कोणालाच ही ओळ लिहावी लागली नव्हती, म्हणून ती कोणाच्या लक्षात नाही. सिरीयल ०/०/० मध्ये जाऊन 'एन्कॅप्सुलेशन पीपीपी' द्या आणि मिनिटभर थांबा. 'शो इंटरफेसेस'मध्ये 'एलसीपी ओपन' (लाइनची बोलणी जमली) आणि त्याखाली 'ओपन: आयपीसीपी' (आयपीची बोलणीही जमली) आलं की झालं. सीडीपीसीपी उघडलं नाही तरी हरकत नाही, ती सिस्कोची घरगुती गोष्ट आहे.

एलसीपी उघडूनही लाइन पडत असेल तर मुख्य कार्यालयाने पासवर्ड मागितलाय. त्यांच्याकडून चॅपचं, म्हणजे पीपीपीच्या पासवर्ड तपासणीचं, नाव आणि पासवर्ड घ्या आणि 'पीपीपी चॅप होस्टनेम' व 'पीपीपी चॅप पासवर्ड' या दोन ओळी द्या. अक्षरांचा लहान-मोठेपणा आणि पासवर्डच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा, दोन्ही तपासा. पीपीपी समोरच्याचा आयपी स्वतःहून रूटिंग टेबलात घालतं, त्यामुळे दोन्हीकडचे आयपी वेगळ्या सबनेटचे असले तरी पिंग चालतं. लोक खूष होऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी रूटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) समोरच्या राउटरला शेजारी म्हणून धरत नाही. /३० चे, म्हणजे दोनच यंत्रांपुरत्या सबनेटचे, दोन्ही पत्ते कागदावर लिहून ताडून बघा.

पीपीपी करूनही नाही उठलं तर लूप टाकून, म्हणजे पाठवलेलं तसंच परत फिरवून, लाइन तुकड्यातुकड्याने तपासायची. दूरसंचार कंपनीला तुमच्या मोडेमवर लूप टाकायला सांगा. त्या वेळेपुरतं एन्कॅप्सुलेशन परत एचडीएलसी करा, कारण पीपीपी स्वतःचाच आवाज ओळखून नकार देतं आणि लाइन खालीच दिसते. एचडीएलसीवर मात्र 'अप, लूप्ड' असं स्पष्ट येतं. आलं, तर कार्ड, केबल आणि मोडेमचा पोर्ट निर्दोष. मग स्वतःच्याच सिरीयल आयपीला पिंग मारा. पॉइंट-टू-पॉइंट सिरीयलवर तो पिंग खरोखर लाइनवरून फिरून येतो. विस्तारित पिंगमध्ये १५०० बाइटचे हजारभर पॅकेट पाठवा. डेटा पॅटर्न एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक. साध्या पिंगला न दिसणारं दुखणं यात बाहेर येतं. पुढे लूप एक्स्चेंजला, मग पलीकडच्या मोडेमवर. जिथे लूप दिसायचा थांबला, दुखणं त्याच्या अलीकडच्या तुकड्यात. काम झालं की लूप काढायला लावा आणि पीपीपी परत द्या. लूप तसाच विसरला गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा डोकं धरून बसले, असं मी दोनदा पाहिलंय.

लाइन उठली तरी काम संपत नाही. 'क्लिअर काउंटर्स' द्या आणि दिवसभराने 'शो इंटरफेसेस' बघा, पलीकडच्या राउटरचेही आकडे मागवा. सीआरसी आणि फ्रेमचे (बिघडून पोचलेल्या चौकटींचे) आकडे वाहतुकीबरोबर वाढत असतील तर क्लॉकच्या वेळेत गडबड असू शकते. मोडेमचा क्लॉक केबलमधून राउटरकडे येतो, राउटर त्या ठेक्यावर डेटा परत पाठवतो, आणि लांब केबल व जास्त वेगात तो पोचेपर्यंत ठेका पुढे सरकलेला असतो. सिस्कोची नेहमीची केबल १० फुटी, म्हणजे ३ मीटर. तेवढ्यात सहसा काही होत नाही. पण कोणी मोडेम दुसऱ्या खोलीत ठेवून लांब केबल बनवून घेतली असेल आणि लाइन २ एमबीपीएसची असेल, तर 'इन्व्हर्ट टीएक्स-क्लॉक' देऊन बघा. या चुका आपल्या 'शो इंटरफेसेस'मध्ये नाही, समोरच्याच्या इनपुटमध्ये दिसतात, हे विसरू नका. आणि त्यापेक्षा सरळ उपाय, मोडेम राउटरशेजारी आणा.

'कॅरियर ट्रांझिशन्स'चा आकडा वाढत असेल तर डीसीडी येतोय-जातोय. कोकणात जून लागला की हा आकडा पळायला लागायचा: रस्त्याकडेच्या सांध्यात पाणी. कार्ड बदलून तो थांबत नाही. पण जून नसताना वाढत असेल तर आधी व्ही.३५ ठोकळ्याचे दोन्ही लांब स्क्रू बघा. तो ठोकळा जड, नुसता टांगलेला असेल तर स्वतःच्या वजनाने सैल होतो. अर्थिंगही मोजा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २ व्होल्टच्या वर दिसलं तर मी इलेक्ट्रिशियनला बोलावतो. मोडेम एका सॉकेटवर, राउटर यूपीएसवर, आणि दोघांची अर्थ वेगवेगळी, मध्ये व्ही.३५ केबलचा ग्राउंड: पहिल्या गडगडाटात कार्ड जातं ते याच वाटेने.

आणि एक ओळ, जी न लिहिल्याबद्दल लाइन कधीच तक्रार करत नाही: 'बँडविड्थ ५१२'. सिरीयल पोर्ट मुळात स्वतःला १५४४ केबीपीएसचा समजतो, मग खाली लाइन ६४ ची असो की २०४८ ची. या आकड्याने वेग बदलत नाही, पण रूटिंग प्रोटोकॉल त्यावरच विश्वास ठेवतात. ओएसपीएफ या रूटिंग प्रोटोकॉलचा खर्च (कमी तो मार्ग चांगला) म्हणजे १० कोटी भागिले बँडविड्थ, बिट प्रति सेकंदांत. १५४४ ला तो ६४ येतो, २०४८ ला ४८, आणि ६४ केबीपीएसला १५६२. एका ठिकाणी २ एमबीपीएसची मुख्य लाइन आणि ६४ केबीपीएसची राखीव, दोन्हीकडे बँडविड्थची ओळ नाही. ओएसपीएफला दोन्हींचा खर्च ६४ दिसला, त्याने वाहतूक दोन्हींवर सारखी वाटली. कुठला पीसी कुठल्या लाइनवर जाणार हे पाठवणारा आणि घेणारा या जोडीवर ठरत होतं. त्यामुळे ठराविक काउंटर कायम भन्नाट आणि ठराविक काउंटर कायम रखडलेले. तिथल्या कॅशियरबाईंचा महिनाभर समज होता की आपलाच पीसी पनवती आहे, दोनदा बदलूनही झाला होता. दोन ओळी लिहिल्या, पाच मिनिटांत काम. ईआयजीआरपी हा दुसरा रूटिंग प्रोटोकॉल वापरत असाल तर आणखी जपा: ते स्वतःच्या निरोपांसाठी या आकड्याच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं.

तुमच्या शाखेला पुढे पूर्ण २ एमबीपीएसची, ई१ जातीची डिजिटल लाइन मिळाली तर दोन पर्याय. एक, हेच कार्ड ठेवून मध्ये जी.७०३ (ई१ चा इंटरफेस) ते व्ही.३५ कन्व्हर्टर. तिथे क्लॉकचा डीप स्विच 'रिकव्हर्ड'वर, म्हणजे लाइनकडून ठेका घेणारा. दोन्ही टोकांना 'इंटर्नल' ठेवलं की लाइन उठते, पण मधूनच बिट घसरतात आणि कोणालाच कारण सापडत नाही. दोन, सरळ ई१ कार्ड. त्यात आधी 'कंट्रोलर ई१', फ्रेमिंग दोन्हीकडे सारखं, लाइनकोड एचडीबी३, आणि 'चॅनल-ग्रुप ० टाइमस्लॉट्स १-३१' दिल्यावरच सिरीयल इंटरफेस जन्माला येतो, नावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि शून्य लागलेला. नव्या जातीच्या कार्डांना त्याआधी 'कार्ड टाइप ई१' सांगावं लागतं, नाहीतर कंट्रोलरच दिसत नाही. याला लूप टाकायला आरजे-४५ चा प्लग घरीच करता येतो: पिन १ चारला, पिन २ पाचला. मी तो किल्ल्यांच्या जुडग्यातच ठेवतो. पैसे माझे असते तर मी ई१ कार्डच घेतलं असतं. कन्व्हर्टर म्हणजे आणखी एक अडॅप्टर, आणखी एक सॉकेट, आणि सफाईवाल्या मावशींच्या झाडूच्या टप्प्यात आलेली आणखी एक वस्तू.

तर आता क्रमाने. टेबलावर मादी ठोकळा कोणाकडे आहे ते बघून त्या राउटरवर क्लॉक रेट. दोन्ही विक-२टी पोर्ट आळीपाळीने लावून लाइन उठली की कार्ड निर्दोष. मग शाखेत 'शो कंट्रोलर्स'ची ती ओळ, 'एन्कॅप्सुलेशन पीपीपी', 'बँडविड्थ ५१२', आणि 'राइट मेमरी'. तरीही लाइन प्रोटोकॉल उठला नाही तर 'शो कंट्रोलर्स'च्या पहिल्या दहा ओळी आणि 'डीबग पीपीपी निगोशिएशन'चं मिनिटभराचं आउटपुट पाठवा. पासवर्ड त्यातून काढून टाका.